परताव्याचं गणित

आमचे हे तीस वर्षं बोटीवर होते. आमच्या मिठबावात ‘बोटीवर’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. नऊ महिने समुद्रात, तीन महिने घरी. इंजिनरूममध्ये फिटर. लग्नाला जितकी वर्षं झाली, त्यातली निम्मीसुद्धा आम्ही एका छपराखाली काढली नसतील. मुलगी झाली तेव्हा ते ब्राझीलजवळ कुठेतरी होते, आणि ती शिकून पुण्याला नोकरीला लागली तेव्हा जपानजवळ. मी गावच्या हायस्कुलात गणित शिकवायचे. माझी निवृत्ती झाली आणि पुढच्याच दिवाळीत हे कायमचे घरी आले. बॅगा ओट्यावर ठेवल्या आणि म्हणाले, “झाला गो. आता आंब्याची कलमां आणि तू.”

सर्वांत जास्त आनंद माझ्या सासऱ्यांना झाला. पंचाऐंशी उलटलेली होती, कान जरा मंद, पण काठी न घेता बागेतून फिरायचे. त्यांनी त्याच संध्याकाळी ह्यांच्यापाशी एक गोष्ट मागितली.

“रे, एकदा माका खारेपाटणाक घेवन चल. बंदर बघूचा आसा.”

लहानपणी ते वडिलांच्या गलबतावरून आधी समुद्रातून, मग खाडीतून वर खारेपाटणला जायचे. इथून सुकी मासळी आणि मीठ न्यायचं, तिथून भात आणायचं. ती ये-जा बंद होऊन साठ-एक वर्षं झाली असतील. त्यानंतर एसटीतून त्या गावावरून कितीदा तरी गेले, पण नदीवर उतरून बंदर पाहिलं नव्हतं.

“जावया बाबा,” हे म्हणाले. “आता काय, मी हयच आसंय.”

बोटीवरच्या माणसाला पेन्शन नसते. कमावलं ते कमावलं. ह्यांनी अर्धे पैसे बँकेत मुदतीवर ठेवले होते आणि अर्धे म्युच्युअल फंडात, थोडे शेअरमध्ये. बोटीवरच्या कुणा इंजिनिअरने त्यांना ही वाट दाखवली होती. बोटीवर असताना रेंज मिळायची ती बंदराला लागल्यावरच, म्हणजे महिन्यातून कधीतरी एकदा. तेवढ्यापुरतं बघायचे, वाढलेलं असायचं, खूश व्हायचे आणि विसरायचे. घरी आल्यावर रेंज दिवसभर. ओट्याच्या कोपऱ्यात, तुळशीच्या बाजूला ती सर्वांत चांगली येते, म्हणून खुर्ची तिथे गेली.

पहिले दोन-तीन महिने बरे गेले. मग बाजार बिथरला. आज लढाईची बातमी, उद्या कुठल्या तरी देशाने आयातीवर कर लावल्याची, परवा काहीच कारण नाही. आठवडाभर खाली, दोन दिवस वर, पुन्हा खाली. ज्यांना सवय असते ते म्हणतात की असं होतच असतं. ह्यांना ती सवय नव्हती. ह्यांची सवय इंजिनरूमची. तिथे दर पाळीला सगळे काटे बघायचे, तेलाचा दाब, पाण्याची उष्णता. काटा तांबड्या पट्ट्यात गेला की उठून काहीतरी करायचं, व्हॉल्व्ह फिरव, पंप बदल. काटा तांबडा आणि माणूस खुर्चीत बसलेला, असं तिथे चालत नाही. इथे मोबाईलवर आकडा तांबडा झाला की ह्यांचे हात शिवशिवायचे. पडलेला फंड विकायचा आणि चढत असलेला घ्यायचा. त्याखेरीज बँकेतली ठेव मुदत संपून मोकळी झाली की तीही थोडी थोडी करून तिकडे न्यायची.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला ते आवडायचं. तीस वर्षांत आम्हाला एकत्र करायला असं कामच नव्हतं. मूल मी वाढवलं, घर मी बांधून घेतलं, बाग सासऱ्यांनी राखली. हे सुट्टीला आले की पाहुण्यासारखेच असायचे. आता साडेतीनला बाजार बंद झाला की हाक यायची, “गो, हय ये. आज बघ काय झाला तां.” मी चहा घेऊन जायचे. ते चष्मा कपाळावर सरकवून एकेक आकडा वाचून दाखवायचे, मी तोंडी टक्के काढायचे. माझं उत्तर मोबाईलशी जुळलं की ते हसायचे, “मास्तरीण ती मास्तरीणच.” लग्न झाल्यापासून आम्ही इतकं कधी बोललो नव्हतो.

सासरे ओट्याच्या दुसऱ्या टोकाला सुपारी कातरत बसलेले असायचे. मधूनच विचारायचे, “खारेपाटणाक कधी?”

“बाजार जरा सावरांदे, बाबा.”

“बाजार? खंयचो बाजार? आज खंय बाजार आसा?”

त्यांना वाटायचं, आठवडी बाजाराबद्दल चाललंय. आम्ही दोघं हसलो होतो त्यावर. पुढे कितीतरी दिवस मुलीला फोनवर ती गंमत सांगायचो. पण हे सोमवार ते शुक्रवार ओट्यावरून हलायचे नाहीत, आणि शनिवार-रविवार आला की आठवड्याचा हिशेब मांडून बसायचे. सासऱ्यांना मीसुद्धा नेऊ शकले असते. नाक्यावर रिक्षा होत्या, गाड्या होत्या. मी म्हणायचे, मुलाबरोबर जायचंय त्यांना, मी कशाला मध्ये.

पाऊस गेला, दसरा झाला, दिवाळीही आली. ह्यांना घरी येऊन एक वर्ष पूर्ण झालं. त्या दुपारी ते खुशीत होते. मोबाईल माझ्यासमोर धरला.

“बघ. सगळां हिरवां आसा. वर्सभर एवढी पडझड झाली, तरी आपण वर.”

खरंच, यादीतला एकेक फंड हिरवा होता. पण मला ते पटेना. वर्षभर मी आकडे ऐकत होते. त्यात तांबडे पुष्कळ होते, ते गेले कुठे?

“जे तुमी तोट्यात इकलात, ते खंय आसत?”

“ते इकले. आता दिसनत नाय.”

“दिसनत नाय म्हणजे झाले नाय काय?”

ते जरा गोंधळले. मी समजावलं तसं त्यांना कुणी समजावलंच नव्हतं. वाळलेले माड तोडून टाकले आणि उभ्या असलेल्या माडांचेच नारळ मोजले, तर बाग नेहमी जोरातच दिसणार. तोट्यात विकलेला फंड यादीतून जातो, त्याच पैशातून घेतलेला नवा फंड नव्याने मोजायला लागतो, आणि चार दिवस बाजार वर गेला की हिरवा होतो. शिवाय बँकेतून उचलून त्यात टाकलेले पैसे. एकूण रक्कम वाढलेली दिसत होती, ती बरीचशी आपणच ओतल्यामुळे.

“नीट काढूया काय?” मी म्हणाले.

“काढ.”

मी लॅपटॉप उघडला. बँकेची पासबुकं घेतली. कधी किती पैसे त्यात गेले, कधी किती बाहेर आले आणि आज किती आहेत, एवढ्या तीनच गोष्टी लागतात. तारखेनुसार घातल्या की परताव्याचा खरा दर निघतो. मी दोन दिवस त्यावर बसले. दहावीच्या पोरांच्या उत्तरपत्रिका तपासताना यायचा तसा उत्साह आला होता मला. मधल्या काळात विसरलेल्या दोन रकमा सापडल्या, त्या घातल्या, पुन्हा काढलं, पडताळा घेतला. बरोबर आलं. बरोबर आल्याचा मला आनंद झाला, हे मला आजही आठवतं.

दर शून्याच्या खाली होता. फार नाही, थोडासाच. पण बँकेत ते पैसे नुसते पडून राहिले असते तर वर्षाचं व्याज मिळालं असतं, तेही गेलं होतं. मी ते ह्यांना सांगितलं, जसं फळ्यासमोर सांगते तसं, पायरी पायरीने.

ह्यांनी लॅपटॉप आपल्याकडे वळवून घेतला.

“म्हणजे पैशे बँकेत ठेवन मी वर्सभर झोपलंय आसतंय, तर जास्ती गावले आसते?”

“होय.”

“आणि हात लावलंय नसतंय तर? पयल्यांदा होते तेच ठेवलंय आसतंय तर?”

मी तेही काढलं होतं. “तरी एवढा नुकसान झाला नसता.”

“बरां,” ते म्हणाले. चष्मा काढला, बनियनच्या टोकाने पुसला आणि खिशात ठेवला. “सांगलंस तां बरां केलंस.”

त्यानंतर साडेतीनची हाक बंद झाली. मी चहा नेऊन द्यायचे, ते घ्यायचे. एकदा मी विचारलं, आज काय झालं? “काय नाय, आसा तसाच,” म्हणाले. मला वाटलं, थोडा राग आहे, जाईल. पंधरवड्यात मुंबईहून बोटीवर माणसं भरणाऱ्या कंपनीचा फोन आला तेव्हा कळलं की फोन आधी ह्यांनीच केला होता.

“एक कॉन्ट्रॅक्ट मारून येतंय,” ते म्हणाले. “एकच. मेडिकल झाला काय जातंय. गेला तां भरून काढूक व्हया.”

“ह्या वयात? गरज आसा काय?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, अगदी सरळ.

“गणित तूच केलंस मां?”

खरं तर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. एका वर्षाचा दर म्हणजे काहीच नाही, एवढं तरी सांगायचं होतं. असलं गणित पाच-दहा वर्षांचं मांडायचं असतं, आणि त्यांचे जुने पैसे तितक्या वर्षांत चांगले वाढलेले होते. मी तेवढंच एक वर्ष कापून घेतलं, कारण त्यांनी तेवढंच दाखवलं होतं. पण त्या घटकेला माझ्यातली मास्तरीण गप्प राहिली. उत्तर बरोबर होतं ना, मग आता त्यात फिरवाफिरव कशी करायची, असं काहीतरी डोक्यात होतं.

सासऱ्यांना मुलाने सांगितलं, “बाबा, थोड्या दिवसांसाठी जावन येतंय.”

“बोटीर?”

“होय.”

“तू तर हयच आसंय म्हणालेलंस,” सासरे म्हणाले. निघताना मुलाच्या हातात त्यांनी देवाचा नारळ दिला, आणि गाडी वळणाआड गेली तरी घाटीच्या पायऱ्यांवर तसेच उभे राहिले.

हे गेल्यावर घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. मला त्याची सवय होती, पण ह्या वेळी ते सोसवेना. एका सकाळी भात शिजत टाकला आणि सहज डोक्यात आलं, की आम्हाला महिन्याला लागतं किती? तांदूळ घरचा, नारळ घरचे, मासळी एका नातेवाइकाच्या होडीवरची. वीज, गॅस, औषधं, मुलीकडे जाणं-येणं, बागेची फवारणी, गड्यांची मजुरी. समोर माझी पेन्शन, आंब्याचे पैसे, बँकेतल्या उरलेल्या ठेवींचं व्याज. चुलीजवळच्या कागदाच्या मागच्या बाजूला मी बेरीज केली. अर्ध्या पानात संपली. फंडातल्या पैशांना हात न लावता आमचं नीट भागत होतं, थोडं उरतही होतं. ते पैसे आणखी पडले असते तरी आमच्या ताटात काही कमी होणार नव्हतं.

मी तिथेच पाटावर बसले. दोन दिवस खपून मी परताव्याचा दर काढला होता, दशांशापर्यंत. आणि पुरे आहे की नाही, हे गणित माझ्या मनातही आलं नव्हतं. आलं असतं तर ते गेले नसते. निदान त्यांना अडवायला माझ्या हातात काहीतरी असतं.

बोट बंदराला लागली तेव्हा मी फोनवर सांगितलं. “आपणाक पुरता ओ. सगळा धरून काढलंय. तुमी येवा.”

“मधेच कसो येव? सही केलंय,” ते म्हणाले. मग म्हणाले, “आधी सांगूचा होता.”

तक्रारीचा सूर नव्हता. नुसतंच म्हणाले.

माघाच्या अखेरीला, आंब्याची गडबड सुरू व्हायच्या आधी, मी ओळखीची गाडी ठरवली आणि सासऱ्यांना खारेपाटणला घेऊन गेले. त्यांनी आदल्या दिवशीच धोतर काढून ठेवलं होतं. वाटेत ते खिडकीतून बघत गावांची नावं सांगत होते, ती गाडीवाल्या पोराला ठाऊक नसलेली, वाड्यांची आणि ओढ्या-व्हाळांची. बाजारातून खाली नदीकडे जाणारी वाट मात्र त्यांना लगेच सापडली.

तिथे काहीच नव्हतं. नदी रोडावलेली, गाळाची बेटं झालेली, त्यांवर गवत. पलीकडे एक बाई कपडे धूत होती. सासरे काठावर दगडाला टेकून उभे राहिले.

“हय लागी आमचा गलबत,” त्यांनी गवताकडे बोट दाखवलं. “हय तीन-तीन गलबतां एकाक एक लावन ऱ्हवत. माजो बापूस हयसून उडी मारी.” मग म्हणाले, “पाणी खंय गेला गो सगळा?”

“गाळ भरलो, बाबा.”

ते हसले. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल, पण ते खुशीत होते. खाली बसून त्यांनी नदीचं पाणी हातात घेतलं, तोंडावर मारलं. बाजारात आम्ही भजी खाल्ली. परतताना गाडीत त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

“माजो झील बोटीरसून इलो काय परत येवया. तेका दाखवूक व्हया. मी नसलंय तर तेका कोण सांगतला, खंय काय होता तां?”

“येवया,” मी म्हणाले.

वैशाखात ते गेले. आजारपण नाही. सकाळी पडवीत पेट्या भरताना बसले होते, आंबे हाताने चाचपून वेगळे करत होते, आणि बसल्या जागी कलंडले. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. बोट तेव्हा भर समुद्रात होती, जमीन गाठायला बरेच दिवस होते. कंपनीमार्फत निरोप गेला. बोटीवरून फोन आला तो तुटत, खरखरत.

“अग्नी कोणी दिल्यान?”

“चुलतभावाच्या झिलान.”

मग नुसती खरखर. मी हॅलो हॅलो करत राहिले. पुष्कळ वेळाने ते म्हणाले, “हय पाळी आसा माजी. ठेवतंय.”

हे परत आले तेव्हा चतुर्थी तोंडावर होती. त्यांनी नऊ महिने मोबाईलवरचं ते ॲप उघडलंच नव्हतं. पासवर्डसुद्धा विसरले होते. मुलीने पुण्याहून तो बदलून दिला. मधल्या काळात बाजार वर गेला होता. ज्या फंडांना कुणी हात लावला नव्हता, त्यांनी मागचं सगळं भरून काढलं होतं आणि वर पुष्कळ दिलं होतं. बोटीवरच्या नऊ महिन्यांच्या पगारापेक्षा ते जास्त होतं. हे ह्यांनीच पाहिलं, ओट्यावर बसून, आणि मोबाईल माझ्याकडे दिला. मी बघितला आणि परत केला.

“दर काढू काय?” असं मी विचारलं नाही. त्यांनीही काढ म्हटलं नाही.

चतुर्थी झाल्यावर एकदा मी म्हणाले, “खारेपाटणाक जावया. बाबांनी माका दाखवल्यानी, खंय गलबत लागी तां. मी तुमका दाखवतंय.”

“बघूया,” ते म्हणाले.

अजून गेलो नाही. मी पुन्हा विचारलेलं नाही. त्यांच्याजवळ व्हिडिओ आहे, मी त्या दिवशी काढलेला, सासरे नदीचं पाणी तोंडावर मारतात तो. तो त्यांनी पाहिला आहे की नाही, मला ठाऊक नाही.

कंपनीचा नंतर दोनदा फोन येऊन गेला. ह्यांनी रक्तदाबाचं कारण सांगितलं. आता ते बागेत असतात, सकाळी जातात ते जेवायला येतात. सासऱ्यांनी लावलेली कलमं त्यांना एकेक करून ओळखावी लागतात, कारण कुठलं कधी बांधलं, कुठल्याला पाणी कमी लागतं, हे विचारायला कुणी उरलं नाही. मला थोडं माहीत आहे, तेवढं मी सांगते. बाजार गेल्या महिन्यात पुन्हा पडला. बातम्यांत ऐकलं. हे तेव्हा मासे साफ करत होते, त्यांनीही ऐकलं असणार. मान वर केली नाही.

मुलगी म्हणते, “आई, तू खोटं तर सांगितलं नव्हतंस ना? मग कशाला मनाला लावून घेतेस?” खोटं नव्हतंच. ह्यांनीही मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. पण साडेतीन वाजले की अजून माझं लक्ष ओट्याकडे जातं. खुर्ची त्यांनी तिथून उचलून पडवीत ठेवली आहे. मी चहा करते आणि बागेत नेऊन देते, आणि आम्ही आंब्याबद्दल बोलतो.